कुंकू लावलेला उंदीर

शिक्षकानं उंदीर चिमट्यात धरून वर उचलला, सगळ्या वर्गाला दिसेल असा. क्लोरोफॉर्मच्या बरणीतून नुकताच काढलेला. उसातला उंदीर, वीतभर लांब, मातकट रंगाचा. त्याच्या कपाळावर हळद होती. हळदीवर कुंकू. बरणीतल्या ओलीनं ते डोळ्यापर्यंत ओघळलं होतं.

"ह्याला जखम झालीय का?" त्यानं मला विचारलं. फ्रेंचमध्ये. मॉरिशसच्या त्या कॉलेजात पुस्तकं इंग्रजी, पण बोलणं सगळं फ्रेंच.

तेवढ्यात मागच्या टेबलावरची, फिनिक्स गावची मुलगी बोलली. आमच्यातलीच, मराठी. बाप सरकारी कचेरीत मोठा साहेब, घरी थाटाचा गणपती, आरत्या हिला तोंडपाठ. ती शिक्षकाला म्हणाली, "मिस्ये, ती जखम नाही. तो टिळा आहे. त्यांच्याकडे उंदीर देवाचा मानतात."

त्यांच्याकडे म्हणाली. आमच्याकडे नाही म्हणाली.

सगळा वर्ग हसायला लागला. तो शिक्षक मात्र हसला नाही. तो दुसऱ्यांना हसवायचा, स्वतः कधी हसायचा नाही. उंदीर तसाच माझ्या तोंडासमोर धरून तो म्हणाला, "मादम्वाझेल, ह्याला कापायचं की ह्याची पूजा करायची?"

आणि हसणं थांबतंय असं वाटल्यावर पुन्हा म्हणाला, "कापूनच घ्या. झालं की घरी न्या. तुमच्या कँपात कारी होईल."

आमच्यात उंदराचं कालवण कोणी खात नाही. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी खाली मान घालून उंदीर घेतला, ट्रेमध्ये उताणा केला, चार पायांना टाचण्या लावल्या. कातडी कापली तेव्हा कुंकवाचं लाल कुठलं आणि रक्ताचं कुठलं तेच मला दिसेना, कारण डोळे भरले होते. रडले नाही. एवढं एक केलं.

तास संपल्यावर सगळे हात धुऊन गेले. तो दारातून वळून म्हणाला, "आणि ट्रे."

म्हणजे सगळ्यांचे ट्रे मी धुवायचे. हे रोजचंच होतं.

पुढे मी डॉक्टर झाले, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर लोक गोड शेवटाची वाट बघत बसतात, आणि तो ऐकला की त्यांना बरं वाटतं, आणि मग बाकीचं सगळं ते विसरतात. मला कोणाला बरं वाटायला नकोय. मला सांगायचंय ते त्या आधीचं.

आम्ही सांत्र द फ्लाकच्या पलीकडे, साखर इस्टेटीच्या कँपात राहायचो. कँप म्हणजे मजुरांची वस्ती. दगडी खोल्यांच्या रांगा, वर पत्रा, मागे ऊस, पुढे ऊस. पणजोबाला रत्नागिरीकडून आणून ज्या इस्टेटीत उतरवलं, तीच ही. आई मी लहान असताना गेली. घरात बाबा, मी आणि काकी. काकी म्हणजे बाबाच्या मेलेल्या भावाची बायको. तिनंच मला वाढवलं. बाबा ऊस तोडायचा, काकी शेतात निंदायला जायची. घर इस्टेटीचं. काम आहे तोवर घर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माध्यमिक शिक्षण नुकतंच फुकट झालं होतं, म्हणून माझ्यासारखी पोरगी शेवटच्या वर्गापर्यंत पोचली. माझं कॉलेज, म्हणजे माध्यमिक शाळाच, बाजारात, खाली कापडाचं दुकान, वर आमचे वर्ग. जीवशास्त्र घेणारी मी एकटी. प्रयोगशाळा नाही. सूक्ष्मदर्शक मी चित्रातच बघितला होता.

आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. खूळच म्हणायचं ते. मॉरिशसमध्ये तेव्हा डॉक्टरकीचं कॉलेज नव्हतं. पैसेवाले फ्रान्सला, इंग्लंडला जायचे. आमच्यासारख्यांना एकच दार: हिंदुस्थानातल्या कॉलेजांत आमच्या बेटासाठी मोजक्या जागा ठेवलेल्या असायच्या, त्यांच्यासाठी निवडीची परीक्षा व्हायची. अख्ख्या बेटातली हुशार मुलं त्या जागांवर तुटून पडायची. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात प्राणी कापून दाखवायचा. ते व्हायचं व्हाकोआकडच्या एका मोठ्या कॉलेजात. मार्क द्यायचा तिथलाच शिक्षक. तोच, ज्याच्या चिमट्यात मघाशी उंदीर होता. त्याचं नाव मी घेणार नाही, आणि त्याला 'ते' पण म्हणणार नाही.

आमच्या प्रिन्सिपॉलनं हातापाया पडून त्याच्याकडून परवानगी काढली. दर शनिवारी मी त्याच्या मुलांबरोबर प्रयोगशाळेत बसायचं. पहिल्याच दिवशी त्यानं मला दाराजवळ, मोरीला लागून असलेलं टेबल दाखवलं आणि अटी सांगितल्या. बाहेरून येणाऱ्यानं आपला उंदीर आपण आणायचा. बाहेरून येणाऱ्यानं शेवटी सगळे ट्रे धुवायचे. त्याच्या मुलांना पांढरे उंदीर मिळायचे, पिंजऱ्यात वाढवलेले, कापसासारखे स्वच्छ. हातमोजे मिळायचे. माझे हात उघडे.

उंदीर कुठून आणायचा हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. ऊसतोडणीच्या दिवसांत उंदरांना काय तोटा. बाबा म्हणाला, "तू पुस्तक बघ, बाय. उंदराचं मी बघतो." शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येताना तो गोणपाटात धरून उंदीर आणायचा. उसाच्या पानांनी त्याचे हात कायम चिरलेले असायचे, बोटांना भेगा, त्यातून रक्त. त्या हातांनी तो उंदीर भोकं पाडलेल्या बिस्किटाच्या डब्यात घालायचा, वरून दोरी बांधायचा. सकाळी मी तो डबा मांडीवर घेऊन क्युरपीपची बस धरायची, तिथून व्हाकोआची. डब्यात खुडबुड व्हायची. शेजारची बाई विचारायची, "की ना लादां?" म्हणजे आत काय आहे. मी सांगायची, खेकडे. उंदीर म्हटलं असतं तर बसमधून खाली उतरवलं असतं.

आता त्या टिळ्याचं.

गणेश चवथ आली. आमच्या घरात गणपतीचे दिवस असताना उंदराला मारत नाहीत, मारायचं नाव पण काढत नाहीत. त्या शुक्रवारी बाबा गोणपाट घेऊन आला तशी काकी दारातच आडवी उभी राहिली. देव घरात बसलाय आणि तुम्ही त्याचं वाहन मारायला नेता, म्हणाली. बाबानं समजावलं, पोरीची परीक्षा जवळ आलीय, एक शनिवार बुडवून चालायचं नाही. बराच वेळ दोघांची हुज्जत चालली. शेवटी काकीनं तोड काढली. उंदीर जाऊ दे, पण मानानं जाऊ दे. तिनं कुंकवाचा करंडा आणला. बाबानं उंदराची मान गोणपाटात आवळून धरली आणि काकीनं त्याला हळदकुंकू लावलं. गूळखोबरं दिलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "देवाला जाऊन सांग, आमची बाय डाक्टर होऊ दे."

गणपतीपुढच्या उंदराच्या कानात मागणं सांगतात तसं. फक्त आमचा उंदीर जिता होता. तो वळवळला आणि बाबाच्या अंगठ्याला कडकडून चावला. बाबा हसला. म्हणाला, "निरोप पोचला म्हणायचा." अंगठ्याला हळद दाबली आणि जेवायला बसला.

मी पण हसले होते. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही हसत होतो.

वर्गात झालेलं मी घरी सांगितलं नाही. काकीनं विचारलं, टिळा बघून काय म्हणाले मास्तर? मी म्हटलं, चांगलं म्हणाले. ती खूश झाली.

त्याच सुमारास कँपात एक गोष्ट चालू होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे लक्ष होतं, पण कळत नव्हतं. नदीकडच्या कँपातला एक तोडणीवाला तापानं पडला. धडधाकट गडी. डोळे आधी लालभडक, मग पिवळे. लघवीतून रक्त. आठवड्याच्या आत गेला. मग त्याच्या शेजारचा पडला. लोक म्हणाले नजर लागली. कोणी म्हणालं पावसात भिजला. इस्टेटीचा मुकादम म्हणाला, रम जास्त पितात, दुसरं काय. संध्याकाळी माणसं दारात बसून बोलायची आणि नदीकडून कोणी येताना दिसलं की गप्प व्हायची. काकी उंबऱ्यावर लिंबू ठेवायला लागली. ऊस मात्र रोज तोडला जात होता. गिरणीची चिमणी रात्रंदिवस धूर सोडत होती, त्याचा गोडसर वास कपड्यांतून जात नव्हता.

गणपती विसर्जन होऊन गेलं. पुढच्या एका शनिवारी मी माझ्या टेबलावर उंदराचं पोट उघडून मूत्रपिंडं बाहेर काढत होते. माझं काम तोवर बरं व्हायला लागलं होतं. दुसऱ्यांचे ट्रे धुताना त्यांनी अर्धवट टाकलेलं मी पुरं कापून बघायची, त्यामुळे हात बसला होता. त्याच्या वर्गातला एक मुलगा गंमत म्हणून माझ्या टेबलाशी आला. हातमोजे काढून ठेवले होते त्यानं. बोटानं माझ्या उंदराला टोचायला गेला.

शिक्षक खोलीच्या त्या टोकाला होता. तिथून ओरडला. मी त्याला ओरडताना त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. "हात लावू नका! तो शेतातला आहे!"

मुलाला त्यानं मनगट धरून माझ्याच मोरीशी आणलं. औषधी साबणानं त्याचे हात स्वतः घासून धुतले. बोटांना कुठे ओरखडा आहे का ते बघितलं. आणि सगळ्या वर्गाला समजावलं, शिक्षक समजावतो तसं, शांतपणे. शेतातल्या उंदराच्या लघवीत आजार असतो. चिरलेल्या कातडीतून तो आत जातो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, मग कावीळ, मग मूत्रपिंडं बंद. पेनिसिलिन लवकर मिळालं तर ठीक. आजाराचं नाव त्यानं फळ्यावर लिहिलं: लेप्तोस्पिरोझ. म्हणाला, ऊसतोडणीत दरवर्षी ह्यानं माणसं मरतात.

माझी बोटं तेव्हा त्या उंदराच्या पोटात होती.

त्यानं माझ्याकडे बघितलं. हे मला नीट सांगायचंय. त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. त्यानं आधी माझे हात बघितले, मग माझं तोंड बघितलं. मग फळा पुसला आणि म्हणाला, "चला, पुढे."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "मिस्ये, मला हातमोजे मिळतील?"

तो म्हणाला, "हातमोजे कॉलेजचे आहेत. कॉलेजच्या मुलांसाठी."

ह्या माणसाला पहिल्या शनिवारपासून ठाऊक होतं. उंदीर आपला आपण आणा म्हणाला, तेव्हा ठाऊक होतं. टिळा लावलेला उंदीर चिमट्यानं धरला होता त्यानं, हातानं नव्हे. मला वाटलं होतं किळस आली म्हणून. किळस कसली! तो जीव जपत होता. हसवता हसवता जीव जपत होता, स्वतःचा आणि त्या सगळ्यांचा. मी त्या मोजणीत नव्हतेच. माझी चेष्टा केली ह्याचं मला इतके दिवस दुःख होतं. त्या दिवशी कळलं की चेष्टा काहीच नव्हती. मी मेले असते तरी त्यानं मोरीजवळचं टेबल पुसून घेतलं असतं, इतकंच.

त्या दिवशी ट्रे न धुताच मी निघाले. पळालेच. दोन्ही बसमध्ये मी तो शब्द मनात घोकत होते. लेप्तोस्पिरोझ. विसरला तर बाबा मरेल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. बाबाला काही झालंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण सकाळी तो पाय ओढत चालत होता, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, काय नाय, पोटऱ्या धरल्यात.

घरी आले तर तो दिवसाउजेडी अंथरुणावर. तोडणीच्या दिवसांत बाबा दिवसा कधी आडवा झालेला मी बघितला नव्हता. अंग चुलीसारखं तापलेलं. काकी म्हणाली, इस्टेटीच्या दवाखान्यात जाऊन आलो, गोळ्या दिल्यात, सोमवारी कामावर ये म्हणालेत. मी वाकून त्याचे डोळे बघितले. लाल. मी पोटरीला नुसतं बोट लावलं तर तो कळवळला. अंगठ्यावरची जखम अजून भरली नव्हती.

"काकी, ह्याला आत्ताच्या आत्ता सरकारी इस्पितळात न्यायचं," मी म्हटलं.

भाजीवाल्याच्या गाडीत घालून नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं, ताप, पोटऱ्या, उंदीर, चावलेला अंगठा, आणि तो शब्द. त्यानं माझ्याकडे चमकून बघितलं. विचारलं, हे नाव तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या शिक्षकानं. त्याला वाटलं असेल, काय चांगला शिक्षक आहे.

लगेच पेनिसिलिन सुरू केलं. तरी चौथ्या दिवशी डोळे पिवळे झालेच. लघवी बंद झाली. पोट फुगलं. बाबा बरळायचा, उसाच्या ओळी मोजायचा, कोणाला तरी हाका मारायचा. काकी इस्पितळाच्या पायरीवर बसून होती. एकदा ती मला म्हणाली, तुझ्या शिक्षणापायी झालं गं हे. मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला, मीच त्याला धरायला लावलं, मीच टिळा लावला, म्हणून. मी तिला गदगदा हलवून सांगितलं, तुझ्यापायी नाही आणि माझ्यापायी नाही. ज्याला ठाऊक होतं त्याच्यापायी. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मला पटलं होतं, आणि ते मी सोडणार नव्हते.

बाबा वाचला. पण उठला तो दुसराच माणूस उठला. चार पावलं टाकली की धाप. पाय सुजलेले. पुन्हा त्यानं कोयता धरला नाही.

मी प्रिन्सिपॉलकडे गेले. भला माणूस, पण घाबरट. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, परीक्षा होईपर्यंत हे कोणाकडे बोलू नको. त्यांच्या मेहेरबानीवर आपण बसतोय. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांचा विचार कर. मी विचार केला. मागून येणाऱ्या पोरांचाच केला. ती पण डबा घेऊन बसमध्ये बसणार, त्यांचे बाप पण गोणपाट घेऊन शेतात फिरणार. पण तेव्हा मी मान हलवली. मूग गिळून पुन्हा शनिवारी व्हाकोआला जायला लागले. उंदीर नेला नाही. लांबून बघायची आणि ट्रे धुवायची. त्यानं उंदराचं विचारलं नाही. बाबाचं तर त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या नसण्याइतकंच माझं असणं त्याला होतं.

आतून मात्र मी रोज ठरवत होते. परीक्षेपर्यंत. फक्त परीक्षेपर्यंत.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना सारखं. पांढरा उंदीर, हातमोजे, धारदार कात्री. नियमच तसा. माझ्या हातात पहिल्यांदा मोजे चढले तेव्हा मला वाटलं, एवढीशी ही वस्तू. एवढ्यासाठी. मी कापायला घेतलं. मूत्रपिंडं, नळ्या, मूत्राशय, सगळं सुटं करून मांडलं, एक शीर तुटू दिली नाही. तो मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. मग पुढच्या टेबलाकडे गेला. माझं काम चांगलं झालं होतं हे मला ठाऊक होतं आणि त्याला पण.

घंटा झाली. मुलं उठली. तो खुर्चीतून न उठता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि ट्रे."

परीक्षेच्या दिवशी. मी पण त्या सगळ्यांसारखीच परीक्षेला बसलेली. त्याला ते जाणवलंच नाही. सवयीनं म्हणाला.

मी मोजे काढले. म्हटलं, "नाही, मिस्ये. आज मी परीक्षेला आलेय."

फिनिक्सची मुलगी माझ्या बाजूलाच उभी होती. ती माझ्या कानाशी आली आणि पहिल्यांदाच, त्या सबंध वर्षात पहिल्यांदाच, माझ्याशी मराठीत बोलली. "धुऊन टाक ना गं. कशाला वाढवतेस? मार्क जातील तुझे."

"तू धू," मी म्हटलं.

मग त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्याच्याच फ्रेंचमध्ये बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. "शेतातला उंदीर माणूस मारतो हे तुम्ही तुमच्या वर्गाला सांगितलंत. माझे हात त्याच उंदरात होते आणि तुम्ही बघत होता. मला उंदीर आणायला लावलात तेव्हा हे सांगितलं नाहीत. माझ्यासाठी उंदीर धरणारा माझा बाप त्याच आजारानं अर्धा मेलाय."

तो उठला. चेहरा पांढराफटक, पण आवाज तसाच थंड. म्हणाला, "मार्क मी देतो, हे आपण विसरलात का?"

"विसरले नाही. म्हणून तर आत्ता बोलले. निकालानंतर बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, नापास झाली म्हणून बोलते."

मी बाहेर पडले. कोणी मागे आलं नाही. बसथांब्यापर्यंत कशी पोचले ठाऊक नाही. शूरपणा वगैरे काही वाटलं नाही. जी एक जागा मला हवी होती ती मी आत्ता हातानं घालवली, हे पक्कं कळत होतं.

आणि तसंच झालं. लेखी परीक्षेत मी खूप वर होते. प्रात्यक्षिकात मला त्यानं इतकं खाली टाकलं की नाव आसपास पण फिरकलं नाही. फिनिक्सच्या मुलीला जागा मिळाली. प्रिन्सिपॉल कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, एक ओळ लिहून दे, चुकले म्हणून. पुढच्या वर्षी तरी तो बघेल. मी लिहून दिली नाही.

पुढची तोडणी आली. मी काकीबरोबर शेतात जायला लागले, कारण घर टिकवायचं तर घरातून बाबाच्या जागी कोणीतरी कामाला जायला हवं. आणि जाईन तिथे बोलायला लागले. ओळीतल्या बायकांना, नदीकडच्या कँपातल्या गड्यांना. उंदराला हात लावू नका. हाताला चिरा असल्या तर फडकं बांधा. ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर इस्टेटीच्या गोळ्यांवर बसू नका, सरकारी इस्पितळात जा आणि हे नाव सांगा. नाव मी पाठ करून घ्यायची, पोरांकडून पाढे करून घेतात तसं. त्या वर्षी पण माणसं तापानं पडली. काही वेळेवर गेली. एक नाही गेला.

मुकादम दारात आला. बाबा बाकावर बसला होता, त्याच्याशीच बोलला, माझ्याशी नाही. म्हणाला, तुझी पोरगी माणसांना घाबरवतेय. माणसं तोडणीला यायला कां-कूं करतात. साहेबाच्या कानावर गेलंय. ह्या घरातून आता दोन बायकाच कामाला येतात, हे ध्यानात असू दे. आणि जाताना सगळ्या घरावर एकदा नजर फिरवली, पत्र्यापासून चुलीपर्यंत, जणू ते मोकळं करायचंय.

तो गेल्यावर बाबानं सुजलेले पाय आवरून घेतले. मग म्हणाला, "बाय, त्या मास्तराची माफी माग. एक शब्द. काय जातंय आपलं? तू जाशील हिंदुस्थानात, हे सगळं सुटेल."

हे तो बोलला ह्याचा मला राग आला नाही. ह्या माणसानं आयुष्यभर एक शब्द, एक शब्द करत सगळं दिलं होतं. त्याचा बाप पण तसाच देत आला होता. आणि शेवटी अंगातलं रक्त पण देऊन झालं, तरी तो म्हणत होता काय जातंय.

मी त्याच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "बाबा, माफी मागून जागा मिळाली तर ती त्यानं दिलेली होईल. मला त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. मी ह्या वर्षी पण बसणार. त्याच्यासमोर, त्याच खोलीत."

"आणि पुन्हा पाडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी."

"किती वर्षं असं करशील?"

आधल्या आठवड्यात मी व्हाकोआला जाऊन आले होते. कॉलेजात आत गेले नव्हते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं होतं, तो मिस्ये अजून किती वर्षं आहे. पहारेकऱ्यानं विचार करून सांगितलं, निवृत्त व्हायला नऊ वर्षं.

मी बाबाला म्हटलं, "नऊ."